सतरा सेंटीमीटर

सल्माबादच्या गॅरेजांमागे आमचं वर्कशॉप.
डक्ट बनवतो आम्ही, पत्र्याची चौकोनी नळकांडी,
ज्यांतून गार हवा दुसऱ्यांच्या खोल्यांत जाते.
शुक्रवारी मशिनं बंद होती, तेव्हा रोमेल आला.
पिकअपमध्ये बारा इंची स्पीकर,
चादरीत गुंडाळलेला, तान्ह्यासारखा.
जुफेरच्या हॉटेलात तो बास वाजवतो.
म्हणाला, खोका तू कर. तुला हवा कळते.

हवा मला तक्रारींतून कळते.
चौथ्या मजल्यावर जाळी शिट्टी घालते
म्हणजे नळी अरुंद आणि पंखा हट्टी.

अठरा मिलिमीटर प्लाय, साठ लिटर पोट.
सांध्यासांध्यांत गोंद. उदबत्ती फिरवून पाहिलं
धूर कुठे वाकतो का.
कुठेच वाकला नाही.

पहिल्यांदा तीन इंची पाइप घातला,
चिमुकला, नऊ सेंटीमीटरसुद्धा नाही.
हळू वाजवलं तर गोड.
रोमेलने जोर केला आणि भोकातून फस्स, फस्स,
जिना चढून आलेला माणूस बोलावा तसं.
सूर मागे राहिला, धाप पुढे आली.

मग सहा इंची. पण तोंड मोठं केलं
की घसाही लांब लागतो, त्याच सुराला.
चव्वेचाळीस भरला.
खोक्याची आतली खोली छत्तीस.
शिहाब म्हणाला, एल्बो लाव, वळव, ड्रेनेजला वळवतो तसा.
मी पाइप हातात धरून उभा राहिलो बराच वेळ.
एसी नव्हता. डक्टवाल्यांकडे कधीच नसतो.

चार इंची, शेवटी.
कड हीटगनने तापवली, मऊ झाली
तेव्हा स्टीलच्या पातेल्यावर दाबून फाकवली,
हवेला कोपरा लागू नये म्हणून.
पातेलं शिहाबच्या डाळीचं होतं.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

रोमेलला पाचवी तार हवी होती, एकतीसपर्यंत.
मी नाही म्हटलं. तेवढं खाली जायचं तर
खोका फ्रिजएवढा होईल, आणि तुझी लिफ्ट बंद असते.
चाळीसवर बांधू, ई तारेच्या जरासं खाली.
पाचवीचं कान भरून घेतील, कान उदार असतात.
पण त्याखाली उगाच रेटू नकोस.
नळीच्या सुराखाली हवा हात सोडते
आणि कोन मोकाट हेलपाटतो,
विहिरीत शेवटची पायरी न सापडलेल्या पायासारखा.

पाइप मुद्दाम लांब ठेवला होता.
कापलेलं परत जोडता येत नाही.
एक चकती कापली, सूर चढला. आणखी एक.
स्पीकर उताणा ठेवून कोनावर मीठ टाकलं,
मोबाईलवरून सूर हळूहळू खाली आणला.
साठला मीठ नाचत होतं. पन्नासला नाचत होतं.
तिसऱ्या चकतीनंतर, चाळीसला,
मीठ थांबलं.
कोन जवळजवळ गप्प,
आणि नळीच्या तोंडाशी धरलेला टिश्यू
वेड्यासारखा फडफडत होता.
काम सगळं हवा करत होती.

रात्री बाबांना व्हिडिओ लावला.
दशावतारात चाळीस वर्षं पखवाज वाजवला त्यांनी,
आता बोटं वळत नाहीत.
खोका दाखवला, भोक दाखवलं.
रोमेलने ई तार छेडली. फोनमधून त्यांना
काय ऐकू गेलं असेल देव जाणे,
फोनच्या स्पीकरला पोट कुठलं.
पण मागे रचलेले पत्रे थरथरले
आणि तो थरथराट त्यांना ऐकू गेला.
त्यांनी मान हलवली.

"डाव्या अंगाक कणीक किती लावलंस?"

लावली नाही बाबा, काढली, म्हटलं.
तीन बोटं.
ते हसले. म्हणाले, आधी जास्त लावलंस ता बरा केलंस.

मग मी मागे गेलो,
कुठला पत्रा वाजतोय ते शोधायला.